शेवटचा फर्मा

डोक्याला ताप हवा असेल तर माणसानं पुस्तकबांधणीचा धंदा करावा आणि जोडीला बहिणीची मुलगी सांभाळावी. ताईला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं. तिथे घर मिळेपर्यंत भाची माझ्याकडे. आली तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. जेवलीस का, तर मान हलवणार. झोप आली का, तर मान. मी एकटा राहणारा माणूस, मानेशी किती बोलणार?

मग वाचनालयातून जादूच्या शाळेच्या गोष्टीचे पाच भाग दुरुस्तीला आले. पोरांनी वाचून वाचून चिंध्या केलेले. आमच्यात पुस्तक आधी उसवतात. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करून फाटलेलं चिकटवायचं, वाळवायचं, मग पुन्हा शिवायचं. टेबलावर वाळत घातलेला एक फर्मा तिनं उचलला आणि तिथेच फतकल मारून वाचला. मग दुसरा. जो आधी वाळेल तो आधी. एका मास्तरांचं मरण तिनं मला सकाळी सांगितलं आणि संध्याकाळी त्यांचं लग्न. तेव्हापासून तिचं नाव पडलं टकळी.

त्या शाळेत एक म्हातारा फळा आहे. कुणी चुकीचं लिहिलं की शिंकतो आणि दिवसभर कुरकुरतो.

"मामा, हा तूच," ती म्हणाली.

मी कुठे कुरकुरतो, हे बघायला पहिला भाग उघडला आणि चिकटवायची खळ भांड्यातच सुकली. चार भाग कधी संपले कळलं नाही.

पाचव्याचा शेवटचा फर्मा मात्र सापडेना. टेबलाखाली, पुठ्ठ्यांमागे, दाबयंत्राखाली, सगळीकडे शोधून जीव मेटाकुटीला आला. वाचनालयाच्या बाई रोज फोन करून माझं डोकं खात होत्या. त्यात शेवट कळत नाही याची चीड वेगळीच. वर ताईचा निरोप आला की घर मिळालं, रविवारी येते. त्या दिवसापासून टकळी पुन्हा गप्प. फर्मा पाहिलास का, तर मान. कपडे भरलेस का, तर मान.

शनिवारी वैतागून मीच तिची बॅग काढली. आत एकही कपडा नव्हता. तळाला फर्मा होता.

माझं टाळकंच सरकलं. "अगं, मी इथे वेड्यासारखा शोधतोय! का लपवलास?"

"त्यात शाळा बंद होते. सगळे घरी जातात."

"मग? घरी जाणं वाईट असतं का? आईकडे जायचं नाही तुला?"

"जायचंय," ती म्हणाली. "पण फळा एकटाच राहतो ना."

"राहू दे की. कुरकुरत बसेल. त्याला सवय आहे."

"नाही मामा. शेवटच्या पानावर तो कुरकुरत नाही. नुसता गप्प बसतो."

राग कुणावर काढावा ते कळेना. तेवढ्यात फोन वाजला. वाचनालयाच्या बाई होत्या. पाचवा भाग झाला का, मुलं रोज विचारतात, म्हणाल्या.

"खळ ओली आहे अजून," मी म्हणालो. "घाई केली तर पानं सुटतील."

टकळीनं भांड्याकडे पाहिलं. खळ मी अजून कालवलीच नव्हती.