सदूची मावशी

कॉलेजच्या जिमखान्याचे चिटणीस अच्युतराव गुप्ते सामने भरवत आणि ते वर्तमानपत्रांतून गाजवतही स्वतःच. पण क्रिकेटला हव्या तेवढ्या ओळी मिळत, हुतूतूला कुत्रं विचारत नसे. तेव्हा त्यांनी आपल्या हुतूतूच्या कप्तानाला, पोशीरच्या सदूला, लेखणीनं पोरकं करून टाकलं. 'आईबापांविना वाढलेला वीर!' बाप खरंच गेला होता. आई पोशीरला भाताची शेती करत होती. सदूनं वाचलं आणि गप्प बसला.

बातमी अशी गाजली की एका रावबहादुरांनी सदूच्या पुढच्या शिक्षणाचा भार उचलला आणि कर्जतच्या शाळेत त्याचा सत्कार ठेवला.

हारतुरे चालू असताना एक बाई फडक्यात भाकऱ्या बांधून थेट पुढे आली. नाक, डोळे, सगळं सदूचं.

"या कोण?" रावबहादुरांनी विचारलं.

सदूनं मान खाली घातली. अच्युतरावांनी हिशेब केला: खरं सांगितलं तर पोराचं शिक्षण जाणार, कॉलेजची अब्रू जाणार. आणि स्वतःची? खरी काळजी तिचीच होती.

"मावशी," ते म्हणाले. "सदूची मावशी."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सदूकडे. पदर सावरला.

"व्हय. मावशीच मी, सुंदरा."

रावबहादूर गहिवरले. "आज याची आई हवी होती, नाही?"

"हवी व्हती," ती म्हणाली. "लय कष्टानं वाढवलं तिनं. गळ्यातला हार बघून निवली आसती."

टाळ्या पडल्या. अच्युतरावांचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला; वाक्य छापण्याजोगं होतं! आपण काय करतोय ते ध्यानात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

सत्कार संपल्यावर त्यांनी तिला शाळेच्या फाटकाशी गाठलं. हात जोडले.

"गावच्या मास्तरांनी वाचून दावलं व्हतं मला," तीच म्हणाली. "पोराचं भलं व्हतंय, तर मेले म्हनून काय झालं? लांबूनच बघनार व्हते. पाय ऱ्हायले नाय." तिनं भाकऱ्या त्यांच्या हातात दिल्या. "येवढ्या त्याला द्या."

"तुम्हीच द्या ना."

"नको, सायेब. जवळ गेले तर त्याच्या तोंडातून आई निघंल. तुमचे रावबहादूर आजून आत हायेत."