घट्ट ओढलेली चेन

येळवशीच्या आदल्या दिवशी आळंदच्या मिस्त्रीनं मोटरसायकलची नवी चेन आणि मागची चक्री पिशवीत घालून अमृतप्पाच्या हातात दिली आणि वर हात जोडले.

"अण्णा, माल घेऊन जावा. बसवायला परवा या. आज माझ्याकडं अकरा गाड्या उभ्या हायत, आन उद्या तर दुकान उघडणारच न्हाई."

उद्या आळंदात कुणाचंच दुकान उघडणार नव्हतं. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. खजुरीपासून पार बिदरपर्यंत जो तो आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या रानात कडब्याच्या खोपीपुढं पंगतीला बसलेला असतो. मिस्त्रीलाही बायकापोरं होती. हे अमृतप्पाला कळत होतं. पण त्याला गाडी परवा नको होती. उद्याच हवी होती.

उद्या अक्काला आणायचं होतं.

अक्कम्मा त्याची थोरली बहीण, सीमेपलीकडं अठरा किलोमीटरवर दिलेली. सात वर्षांपूर्वीच्या येळवशीला ती बसनं खजुरीच्या फाट्यापर्यंत आली होती आणि अमृतप्पा तिला बैलगाडीतून आणायला निघाला होता. तो पोचलाच नाही. निम्म्या वाटेत एका बैलाची मान सोलून निघाली आणि बैल खाली बसला. अक्कम्मा नवं लुगडं नेसून, ज्वारीच्या उकडलेल्या उंड्यांचं टोपलं मांडीवर घेऊन फाट्यावरच्या दगडावर बसून राहिली. इकडं शेतात तिच्यावाचून पूजा झाली, माणसं जेवून उठली. दिवस कलल्यावर ती उलट्या बसनं घरी गेली आणि तेव्हापासून भावाच्या बांधाला तिनं पाय लावला नव्हता. लग्नाकार्यात भेटे, बोले. शेताचं नाव निघालं की तोंड फिरवी.

या वर्षी तिचाच निरोप आला. "गुडघे गेले माझे. ही शेवटची बारी. तू सोता दारात न्यायला ये, आन सावली पायाखाली यायच्या आत मला तुझ्या शेतात उतरव. न्हाई जमलं तर ह्या जन्मात तुझ्या शेतातली आंबील माझ्या तोंडात जायची न्हाई."

आणि गाडीची चेन तर पार गेली होती. मागच्या चक्रीचे दात झिजून करवतीसारखे टोकदार झाले होते. चढ आला की चेन त्यांच्यावरून खडखड घसरायची आणि गाडी जागच्या जागी गुरगुरायची. म्हाताऱ्या बहिणीला मागं बसवून अशा गाडीवर भरवसा ठेवायची सोय नव्हती.

येळवशीच्या दिवशी तांबडं फुटायला अमृतप्पानं गाडी गोठ्यात ओढली. गोठा रिकामाच होता. बैल विकून तीन वर्षं झाली होती आणि दावणीच्या जागी आता महेशकुमारनं, त्याच्या मुलानं, पुण्याला जाताना मागं ठेवलेली ही मोटरसायकल उभी असायची. चाळीस वर्षं अमृतप्पानं गाड्या हाकल्या, आखं वंगणली, धावा चढवल्या. दोन चाकांची ही गाडी त्याला काय जड जाणार, असं त्याला वाटत होतं.

पहिला नटच हलेना. रॉकेल सोडलं, हातोडीनं ठोकला, पान्यावर पाय देऊन उभा राहिला. पाना सटकला आणि नडगी सोलली. घरातून भज्जीच्या, येळवशीच्या पालेभाजी-दाण्यांच्या कालवणाच्या, फोडणीचा वास येत होता. त्याच्या बायकोनं, नागूबाईनं, चुलीपासूनच विचारलं, "काय पडलं ओ?"

"मी पडलो."

"लागलं का?"

"तू भज्जी हलव."

चाक निघालं. जुनी चक्री निघाली, नवी बसली. मग चेन दोन कड्यांनी लांब निघाली. ती दगडावर ठेवून छिन्नीनं तोडली. मग चेन जोडायच्या कडीवरची पत्र्याची चिमटी, नखाएवढी, पक्कडीतून टुणकन उडाली आणि कडब्याच्या ढिगात गेली. अमृतप्पा गुडघ्यांवर बसून पेंढीन्‌पेंढी उलगडू लागला. नागूबाई आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन शेताकडं निघाली होती, ती दारात थांबली.

"सणाच्या दिवशी कडबा कामून उसकटायलाव?"

"चिमटी शोधायलोय."

"केवढी?"

त्यानं करंगळीचं नख दाखवलं. नागूबाईनं नखाकडं बघितलं, मग ढिगाकडं. बिंदगं सावरून ती चालू लागली.

चिमटी सापडली ती त्याच्याच धोतराच्या ओच्यात. तोवर ऊन अंगणात आलं होतं.

राहिलं फक्त चेन ताणायचं. त्यानं चाक मागं ओढलं, बोटानं चेन वरखाली करून पाहिली. हलली. ढिली वस्तू अमृतप्पाला जन्मात कधी आवडली नव्हती. दोरी असो, गाठोडं असो, बैलाच्या गळ्यातलं जोतं असो, त्याचा हात घट्टच. त्यानं आणखी ताणली. पुन्हा बोट लावलं. आता ती एकतारीच्या तारेसारखी ताठ होती. त्यानं मोठा नट पान्यानं आवळला, पाना कट्ट्यावर ठेवला आणि हात धुवायला गेला.

जाताना गाडी झकास पळाली. खडखड नाही, गुरगुर नाही. चढावर त्यानं मुद्दाम वेग वाढवून पाहिला आणि मिस्त्रीला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले.

अक्कम्मा दारातच बसली होती. मांडीवर टोपलं, लुगडं सात वर्षांपूर्वीचंच.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, ह्या खेपेला गाडीची मान सोलली."

"बस अक्का. ऊन चढायलंय."

अक्कम्मा अंगानं भरलेली. ती बसली तशी गाडी मागून चांगली वीतभर खाली गेली. गावाबाहेर पडेपर्यंत काही नव्हतं. नंतर कुईकुई सुरू झाली. खड्डा आला की ती वाढायची, जसं कुणी कुत्र्याच्या शेपटीवर पाय द्यावा. मग गाडी ओढेनाशी झाली. अमृतप्पानं मूठ पिळली, इंजिन ओरडलं, पण चाक मागून कुणी धरून ठेवल्यागत जड. करपल्याचा वास आला. निम्म्या वाटेवरच्या ओढ्याच्या चढाला गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली.

अमृतप्पा खाली बसून पाहू लागला. चेन जागेवर होती, चिमटी जागेवर होती, चक्री नवी करकरीत होती. त्यानं चेनला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला.

"आता काय?" अक्कम्मा रस्त्यावर उभी राहून म्हणाली.

"बघायलोय की."

"बघायला सात वर्षं होती तुला."

"अक्का, सगळं नवं घातलंय! हातानं घातलंय सकाळपासून!" त्याचा आवाज चिरकला. "आता गाडीच अशी वागायली, तर मी काय तिच्या पाया पडू?"

मोबाईल वाजला. नागूबाई होती. "कुठवर आलाव? शेजारपाजारची माणसं येऊन बसल्यात. पूजा कवा करायची?"

"थांबव."

"किती?"

"थांबव म्हणलं ना!"

त्यानं मोबाईल खिशात कोंबला. अक्कम्मा गाडीकडं बघत होती. गाडी रिकामी उभी होती, तरी चेन ताठच. ती वाकली, मागच्या बैठकीवर दोन्ही हातांनी जोर दिला आणि चेनकडं बघितलं. चेन आणखी ताठ झाली. हात काढला. जराशी सैलावली.

"अमृत्या," ती म्हणाली, "ही तू रिकाम्या गाडीवर आवळलीस?"

"मग काय वझं घालून आवळू?"

"आपले अप्पा जोतं कसं बांधायचे? बैलाला जुंपून, गाडी भरून, एक पाऊल चालवायचे. मग जोतं. वझं आलं की मान खाली जाती, फास आवळतो. दोन बोटं जागा ठेव म्हणून किती वेळा सांगितलं त्यांनी तुला. त्या बैलाची मान काय आपोआप सोलली का? तुझा हात!"

अमृतप्पाची कानशिलं तापली. सात वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, की बैल अशक्त होता.  त्यानं गाडीची पान्यांची डबी उघडली. त्यात छोटे पाने होते. मोठा नव्हता. तो घरी कट्ट्यावर होता, जिथं त्यानं स्वतःच्या हातानं ठेवला होता.

त्यानं रस्त्यावरचा एक दगड उचलून ओढ्यात भिरकावला.

ओढ्यापलीकडच्या शेतात खोप होती. तिच्यापुढं पंधरावीस माणसं, बाजूला ट्रॅक्टर. अमृतप्पा तिकडं निघाला, मागून अक्कम्मा टोपलं घेऊन, गुडघ्यांवर हात टेकत. शेताचा मालक शिवय्या दुरूनच हाका मारू लागला, "या अण्णा, या अक्का! बसा! पान वाढा रे!"

"जेवायला न्हाई, मोठा पाना पाहिजे. गाडी बंद पडलीय."

"पाना ट्रॅक्टरात हाय, कुठं पळत न्हाई. आधी बसा."

"घाई हाय ओ."

शिवय्याचा चेहरा उतरला. "येळवशीला माझ्या शेतातनं कुणी तोंड कोरडं ठेवून गेलं न्हाई, अण्णा. माझ्या बापाच्या वेळेपासून न्हाई. तुम्ही जेवल्याबिगर मी पाना कसा देऊ?"

बोलून उपयोग नाही, हे अमृतप्पा जाणून होता. त्याच्या शेतातून कुणी असं निघालं असतं, तर त्यानंही पाना दिला नसता. त्यानं उभ्या उभ्या एक पेला आंबील घशात ओतली. दुसरा आला. तोही ओतला. तिसरा. भज्जीची वाटी आली. सूर्य कुठं आहे हे बघायची त्याला हिंमत होईना.

अक्कम्मासमोर पेला आला. तिनं हात आडवा धरला.

"मला नको, बाबा. आज पहिली आंबील मी भावाच्याच शेतात पिणार."

"मग अक्का, पाना बी भावाच्याच शेतातला आणा की," शिवय्या म्हणाला. पंगतीत हशा पिकला. अमृतप्पाला वाटलं, आता इथंच खोपीत शिरून तोंडावर घोंगडं ओढून घ्यावं.

खोपीच्या तोंडाशी शिवय्याची आई, यल्लम्मा, बसली होती. "कामून पिणार न्हाईस गं?" तिनं विचारलं. अक्कम्मानं सांगितलं: फाटा, टोपलं, उलटी बस. फार सांगितलं नाही. यल्लम्मानं ऐकून घेतलं आणि मुलाकडं वळली.

"शिवा, ती उपाशी न्हाई, तिचा उपास हाय. सात वर्षांचा. ऊठ, पाना दे. आन तू सोता जा."

पुढचं काम घटकाभरात झालं. अक्कम्माला गाडीवर बसवलं, टोपल्यासकट. दोन पोरांनी गाडी सरळ धरली. अमृतप्पानं नट सोडला, शिवय्यानं चाक पुढं ढकललं. अक्कम्मा वरून सांगत होती, "आणखी सोड. आणखी. बोट घाल. हललं पाहिजे." अमृतप्पा बोट घालत होता आणि चेन हलत होती, आणि ती हलताना बघून त्याचा हात पुन्हा पान्याकडं जात होता. तरी त्यानं तशीच ठेवली.

गाडी चालली. कुईकुई नाही. 

बांधापाशी पोचली, तेव्हा दीड वाजून गेला होता. खोपीपुढं शेजारची माणसं भुकेनं सुस्त होऊन बसली होती. पूजेसाठी पांडव म्हणून मांडलेले, चुना लावलेले पाच दगड तसेच होते. नागूबाई पदर खोचून उभी होती, आणि तिच्या तोंडावरून कळत होतं, की आज संध्याकाळी अमृतप्पाला बरंच ऐकून घ्यायचं आहे. पण पूजा तिनं थांबवली होती.

अमृतप्पानं गाडी बंद केली. अक्कम्मा उतरली, पण बांधाच्या अलीकडंच उभी राहिली. त्यानं मान खाली घातली.

"अक्का, हुकलं. मध्यान्ह टळली. आता तू म्हणशील तसं."

 अक्कम्मा खाली बघत होती. तिची सावली तिच्या पायांपासून चांगली तीन हात लांब, ज्वारीच्या धाटांवर पडली होती. येळवशीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो; ऐन मध्यान्हीसुद्धा सावली पायाखाली येत नाही. साठ वर्षं रानात काढलेल्या बाईला हे ठाऊक नसेल, असं कसं म्हणावं?

"पायाखाली आलीय का?" तिनं विचारलं.

अमृतप्पानं बघितलं. "न्हाई."

"मग बोंबलायलास कशाला?"

तिनं टोपलं कमरेवर घेतलं, बांधावर पाय ठेवला आणि पलीकडं उतरली. नागूबाईनं पुढं होऊन तिचा हात धरला. पूजा झाली, बिंदगं उघडलं, आणि पहिला पेला अक्कम्माच्या हातात गेला. ती डोळे मिटून प्यायली.

अमृतप्पाच्या पानात नागूबाईनं भज्जीचा डोंगर वाढला. शिवय्याच्या तीन पेल्यांनी त्याचं पोट तट्ट फुगलं होतं. त्यानं एक घास घेतला आणि पान हळूच पुढं सारलं.

"सकाळपासून माणसं उपाशी ठेवली, आन तुमचं पोट भरलंय?" नागूबाई म्हणाली.

 अक्कम्मा दुसऱ्या पेल्यातून मान वर न काढता म्हणाली, "अमृत्या, उद्याच्या बसची वेळ विचारून ठेव. त्या गाडीवर मी परत बसायची न्हाई."