वाडीतला शेवटचा तरणा

१९७४ साली मार्गासनीच्या वरच्या वाडीत तरणा म्हणावा असा एकच गडी उरला होता, अक्काबाईचा जगन. बाकीचे मुंबईच्या गिरण्यांत, नाहीतर पुण्याच्या कारखान्यांत. पूर्वी शिमग्याला होळीभोवती उभं राहायला जागा मिळत नसे. आता म्हातारे होळी पेटवत आणि खोकत घरी जात. पाळणा तर कुणाच्याच घरात हलत नव्हता.

शेजारच्या फुलाबाईचे तिन्ही लेक पुण्यात. त्याचा तोरा तिनं पुष्कळ वर्षं मिरवला, अक्काबाईच्या नाकावर टिच्चून मिरवला. मग गुडघे धरले आणि तोरा उतरला. सकाळी जगन आईसाठी झऱ्यावरून घागर भरून आणायचा, ते उंबऱ्यातून बघताना फुलाबाईच्या पोटात दुखायचं. शाळेत नापास झालेला पोरगा, आणि म्हातारपणी सुख भोगतंय कोण, तर अक्काबाई! जगन फुलाबाईचीही घागर आणून द्यायचा. त्यानं तर तिचा जास्तच जळफळाट व्हायचा.

शिमग्याला थोरला लेक सोपान आला, तेव्हा ती त्याच्या मागंच लागली. "जगनला तुज्या कारखान्यात चिकटव. हितं कुजतंय पोरगं."

जगन पुण्याला गेला. अक्काबाईनं येऊन फुलाबाईचे हात धरले. "लई उपकार झालं बाई तुजं." फुलाबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

पावसाळ्यात, भाताची रोपं लावायच्या आवणीत, तिच्या नवऱ्याला, रामभाऊंना, धाप लागली. वाडीची रीत अशी, की आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी खाली एसटीपर्यंत न्यायचं. चार म्हातारे धावले. धावले कसले, आले. पहिल्याच उतारावर गेनबाचा पाय मुरगळला, ज्ञानूला चक्कर आली आणि झोळी चिखलात टेकली.

मागून येणाऱ्या अक्काबाईनं पदर खोचला. "चल गं फुले, आपुन धरू. माजा जगन असता तर एकल्यानं पाठीवर न्येलं असतं तुज्या मालकास्नी. पर त्यो काय आता येतोय! तुज्या पोरांवानी रमला तिकडंच."

अक्काबाईचं घर फुलाबाईच्या घरासारखंच रिकामं झालं होतं, तिला हवं होतं तसं. तिनं बांबूखाली खांदा दिला. गुडघ्यातून कळ आली.

झोळीतून ग्लानीतल्या रामभाऊंचा दमलेला आवाज आला, "अगं, जगनला हाक मार की."