गोलखांबांमागचा करकरा

मी एक जुना लाकडी करकरा आहे. दांडा धरून मला गरगर फिरवलं, की माझ्या जिभा दातेरी चाकावर आपटतात आणि असा कर्रकर्र आवाज उठतो की शेजारच्या गल्लीतलं कुत्रंही खाटेखाली शिरतं. निदान पूर्वी तरी उठायचा. आता माझ्या दोन जिभांपैकी एक तुटली आहे, आणि ती कशी तुटली हे सांगण्यासाठीच, मित्रांनो, मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म आनंदासाठी झाला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात ब्रॅकनशॉ गावातल्या एका सुताराने मला घडवलं, तेव्हा माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. शत्रूने विषारी वायू सोडला तर मी बोंब मारायची, म्हणजे लोक तोंडावर मुखवटे चढवतील. मला देण्यात आलं हिल्डा एंटविसलला. ती सूतगिरणीत कामाला होती आणि युद्धाच्या काळात आमच्या गल्लीवर पहारा देत असे. सरावापुरता मी वाजलो, गल्लीतल्या पोरासोरांना माझ्या आवाजाची धडकी भरली, पण खरा वायू कधी आलाच नाही. युद्ध संपेपर्यंत मी तिच्या पट्ट्याला लटकून मुकाट राहिलो. मी मुकाट होतो म्हणूनच तर सगळे खूश होते.

युद्ध संपलं आणि हिल्डाचा धाकटा भाऊ क्लिफ घरी आला. पाच वर्षं तो शत्रूच्या कैदेत होता. गेला तेव्हा दारात मावत नव्हता, आला तेव्हा कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. पण तो गोलरक्षक होता, आणि पुढच्या वर्षी फुटबॉलची लीग पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर गावच्या ब्रॅकनशॉ टाउन क्लबने त्यालाच गोलात उभं केलं. हिल्डाने दाराचा उरलेला तांबडा रंग मला फासला आणि पहिल्याच सामन्याला मला कोटाखाली घालून नेलं.

मित्रांनो, तो शनिवार मी कसा विसरेन? एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. खांद्याला खांदा, टोपीला टोपी. संघ मैदानात धावत आले, आणि हिल्डाने क्लिफच्या गोलामागे उभं राहून मला जोरात फिरवलं. क्षणात सगळं मैदान गप्प झालं. शेकडो हात आपसूक कमरेकडे गेले, मुखवटा चाचपायला. एका म्हातारीने तर टोपीच तोंडावर ओढली.

"अगं बये," मागून कोणीतरी म्हणालं, "युद्ध संपलं की नाही ते एकदा नक्की सांग."

आणि सगळे हसत सुटले. पोटं धरधरून हसले. ज्या आवाजाला ती माणसं इतकी वर्षं घाबरली होती, मला दुसऱ्यांदा फिरवल्यावर त्याच आवाजाला टाळ्या पडल्या. त्या दिवशी मी खरा जन्मलो असं मला वाटतं.

पण संघ काही जिंकेना. तळाच्या दोन संघांना हंगामाअखेर बाकीच्या क्लबांपुढे हात जोडून उभं राहावं लागे. त्यांनी मतं दिली तर लीगमध्ये जागा, नाहीतर घरचा रस्ता. टाउन त्याच चिखलात रुतत चाललं होतं. आमच्या मागेच उभे राहत टॅटर्सल खाटीक. मटण रेशनवर मोजून मिळण्याचे दिवस ते, त्यामुळे खाटकाला उलटून बोलायची कोणाची छाती नव्हती, आणि टॅटर्सलच्या तोंडाला लगाम नव्हता.

"पाच वर्षं कैदेत होता ना हा?" क्लिफच्या हातून चेंडू निसटला की ते ओरडत. "तिथं चेंडू सोडून द्यायला शिकवतात वाटतं."

हिल्डा मागे वळली आणि मला थेट त्यांच्या कानाशी नेऊन फिरवलं. "मिस्टर टॅटर्सल, कान मोकळे झाले की सांगा."

त्या आठवड्यात तिच्या पुडक्यात मांस कमी आणि हाडच जास्त आलं. तिने त्या हाडाचं सूप केलं, आणि पुढच्या शनिवारी मला दुप्पट जोराने फिरवलं.

मग हिवाळा आला. कालवा गोठला, कोळसा मिळेना, गिरण्या बंद पडल्या. मैदान दगडासारखं झालं आणि सामन्यामागून सामने पुढे ढकलले गेले. अधूनमधून एखादा झाला, तर तो टाउनने गमावला. असाच एक सामना हरून क्लिफ हिल्डाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहाला त्याने हात लावला नाही.

"हिल्डा, ते वाजवू नकोस आता," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "तू वाजवलंस की सगळे माझ्याकडेच बघतात."

"बघू देत," ती म्हणाली. "तू समोर दिसतोस म्हणून तर वाजवते. पाच वर्षं दिसत नव्हतास."

 क्लिफने चहाचा कप जवळ ओढला.

सामने इतके तुंबले की हंगाम थेट जूनपर्यंत लांबला. शेवटचा सामना हॉलिनबीच्या संघाशी, आमच्याच मैदानावर. टाउनला बरोबरी पुरे होती. हॉलिनबीला मात्र जिंकणं भाग होतं, नाहीतर ते तळाच्या दोघांत. काही महिन्यांपूर्वी जिथे बर्फाचे ढीग होते, तिथे माणसं बाह्या सरसावून घाम पुसत उभी होती. आधी हॉलिनबीने गोल केला, मग आम्ही केला. एकास एक. हिल्डा मला एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती, माझा दांडा तिच्या घामाने निसरडा झाला होता. सामना संपत आला आणि आमच्या एका बचावपटूचा हात चेंडूला लागला. पंचाने पेनल्टी दिली.

  हिल्डा वळली आणि तिने मला चक्क टॅटर्सलच्या हातात कोंबलं.

"धरा हो. माझ्याने होत नाही."

"मी? मी कशाला?"

"वर्षभर तोंड चालवलंत, आता हात चालवा."

टॅटर्सलनी माझ्याकडे पाहिलं, मग क्लिफकडे. पाठमोरा क्लिफ दोन खांबांमध्ये एकटा उभा होता. आणि मित्रांनो, हाडं फोडणाऱ्या त्या हाताने मला असं फिरवलं की मलाच माझी ओळख पटेना. "चल क्लिफ, चल पोरा," ते म्हणत होते आणि मी किंचाळत होतो. हॉलिनबीचा आघाडीचा गडी धावत आला, त्याने चेंडू हाणला, आणि त्याच क्षणी कडकन आवाज होऊन माझी एक जीभ हवेत उडाली. क्लिफ डावीकडे झेपावला. त्याच्या बोटांना लागून चेंडू खांबावर आदळला आणि परत मैदानात आला. तो गडी पुन्हा चेंडूवर धावला. पण क्लिफ गुडघ्यांवरच सरपटत पुढे गेला, चेंडूवर पालथा पडला आणि त्याने तो पोटाशी असा कवटाळला, की शेवटची शिट्टी झाल्यावरही सोडेना. शेवटी हिल्डाने मैदानात जाऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली.

लोक क्लिफला खांद्यावर घेऊन नाचत होते तेव्हा टॅटर्सल गोलामागच्या गवतात रांगत होते.

"हिल्डा, जीभ सापडत नाही गं."

"माझी की तुमची?" ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

जीभ सापडली नाही ती नाहीच. क्लिफ पुढे कितीतरी हंगाम खेळला. दर उन्हाळ्यात तो मला जवसाचं तेल चोळी आणि हिल्डा एका जिभेवर मला वाजवी. मग ती दोघंही गेली. मैदानात करकरे न्यायला बंदी झाली. क्लिफच्या नातीने मला काचेच्या पेटीत ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. तिची माया मला कळते. पण काचेमागे माझा दांडा सुकत चालला आहे, चाकाच्या दातांत धूळ बसली आहे, आणि एका कोपऱ्यात किडा शिरला आहे.

तुमच्या घरीही कोणाच्या तरी हातचं असं काही असेल, मित्रांनो. ते पुसा, त्याला तेल लावा, पण नुसतं जपून ठेवू नका. वापरा. आणि कधी ब्रॅकनशॉला आलात, तर क्लिफच्या नातीला सांगून मला पेटीतून काढा, दांडा घट्ट धरा आणि कोणा धडपडणाऱ्या माणसासाठी एकदा जोरात फिरवा. जीभ एकच उरली आहे, पण तेवढी पुरते.