शेवटी जेवणाऱ्या बायका

संध्याकाळ झाली की डॉक्टर पुढच्या खोलीत फोन घेऊन बसायचा. पोटाच्या विकारांचा डॉक्टर, त्यात संशोधन करणारा. अभ्यासात घेतलेल्या बायकांची विचारपूस तो स्वतः करायचा. जेवलात का, गरम होतं ना, आज त्रास कमी आहे का. आवाज असा मऊ, की दगडालाही वाटावं आपलं कुणीतरी आहे.

आत ओट्याशी उभी त्याची बायको शब्द ऐकतच नव्हती. ती फक्त आवाज ऐकायची आणि तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची. लग्न झाल्यापासून हा आवाज तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तिच्या वाट्याला 'मीठ कमी आहे' आणि 'माझा चष्मा कुठे ठेवलास'.

एकदा राहवलं नाही. डबा विसरलात म्हणत ती थेट त्याच्या दवाखान्यात गेली. बाहेर बाकावर त्या बसल्या होत्या. एक शिवणकाम करणारी, एक शाळेतली बाई, एक पिकल्या केसांची. नटवी एकही नव्हती. सगळ्या पोटावर हात दाबून, तिच्यासारख्याच. पण त्यानं जळफळाट कमी होतोय कुठला, उलट वाढला. नटव्या असत्या तर निदान कारण तरी कळलं असतं.

मग त्या अभ्यासावरचा त्याचा लेख छापून आला आणि चांगलाच गाजला. कुठल्या कुठल्या देशांतले डॉक्टर आपल्या लेखांत त्याचा दाखला द्यायला लागले. डॉक्टरकीच्या पुस्तकातही तो गेला. सासू शेजारणींना धरून धरून सांगायची, लेकाचं नाव पुस्तकात आलंय म्हणून. लेख मात्र घरात कुणी वाचला नव्हता. डॉक्टरनेही कधी वाचून दाखवला नाही.

त्याचे म्हातारे सर कौतुकाने जेवायला आले, सोबत दोन डॉक्टर. सकाळपासून सून स्वयंपाकात. पोटात चहाशिवाय काही नाही, आणि छातीपर्यंत आग. सासू म्हणाली, "पुरुषांचं होऊ दे आधी. आपलं काय, मागून." हे वाक्य त्या घराच्या भिंतींनाही पाठ होतं.

ती रश्श्याचं भांडं घेऊन बाहेर आली तेव्हा सर बोलत होते. "आम्ही जन्मभर पोटं तपासली रे. पण घरात शेवटी कोण जेवतं, हे एकालाही विचारायचं सुचलं नाही. सगळ्यांना वाढून, उरलंसुरलं गार खाऊन बायकांच्या पोटाचं मातेरं होतं, आणि आधी जेवायला लागल्या की सावरतात. तू ते विचारलंस."

डॉक्टर लाजून हसला आणि वाटी पुढे केली. वाढ म्हणून.

ती तशीच उभी राहिली. म्हणजे आपल्याकडे नसलेलं त्या बायकांकडे हे होतं तर. त्यांना एकानं विचारलं होतं.

तिनं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. खुर्ची ओढली, बसली आणि स्वतःला भात वाढून घेतला.

"अगं, पाहुण्यांचं व्हायचंय," सासू दारातून कुजबुजली.

"होऊ दे की, आई. भांडं मध्ये ठेवलंय. हात सगळ्यांना आहेत."

मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, त्यांना विचारता ना, तसं मला विचारा एकदा."

सर ताटात बघत राहिले. डॉक्टरचे कान लाल झाले. तोंडातून कसंबसं निघालं, "जेवलीस का?"

"नाही."

"जळजळ... कधीपासून आहे?"

"लग्नापासून."

तेवढ्यात दारातून सासूचा आवाज आला, रुसलेल्या पोरीसारखा. "तिला विचारलंस. मी चाळीस वर्षं मागून जेवतेय. मला कोण विचारणार?"

डॉक्टर उठला. आपली खुर्ची आईसाठी ओढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाढायचा चमचा हातात घेतला. निम्मा रस्सा टेबलावर सांडला. सुनेनं पुसला नाही. ती जेवत होती, गरम.

त्या लेखाचे दाखले अजून देतात. दाखला देणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन तो प्रश्न विचारला, हे मात्र कुठेच छापून आलेलं नाही.

तुम्हीही हे जेवण झाल्यावर वाचत असाल. जरा मान वळवा. ओट्याशी अजून कोण उभं आहे?