कोरडी बैठक

नर्सबाईंनी पट्टी सोडवली, जखमेकडे पाहिलं आणि नवे हातमोजे चढवले. तेवढ्यावरून ताईला काय ते कळलं. तिचा भाऊ पालथा पडून उशीत तोंड खुपसून होता. त्याला जखम दिसत नव्हती आणि दुखतही नव्हती. कमरेखाली त्याला काही जाणवतच नसे, आणि खरं दुखणं तेच होतं.

"पुन्हा पाण्यात बसला होतात?" नर्सबाईंनी विचारलं.

"पाण्यात नाही, पाण्यावर," तो उशीतूनच म्हणाला.

सगळे त्याला मासा म्हणत. तळ्यावरच्या पोहण्याच्या शाळेत त्यानं अर्ध्या गावाला हातपाय मारायला शिकवलं होतं. मग एकदा शाळेचा फलक लावताना तो शिडीवरून पाठीवर पडला आणि त्याच्या नशिबी चाकांची खुर्ची आली. तेव्हापासून तळ्याकडची खिडकी तो कुणाला उघडू देत नसे. ताईनं खूप समजावलं, शेवटी नाद सोडला.

होड्या सांभाळणाऱ्या काकांनीच त्याला एक कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची होडी, काढून दिली होती. लांबट, प्लास्टिकची, आत नव्हे तर वर बसायची. पाय पसरून बसायला तिच्या पाठीवर एक उथळ खळगा, बाकी सगळं काम हातांचं. पहिल्या दिवशी मासा तळं ओलांडून गेला आणि परत आला. त्या संध्याकाळी जेवताना त्याचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. समोर बसून ताई नुसतं त्याच्याकडे बघत राहिली होती.

पण त्या खळग्यात सारा वेळ पाणी साचलेलं होतं. ओली कातडी मऊ पडून घासली गेली, जखम झाली. जेमतेम भरत आली तोच पठ्ठ्या गुपचूप पुन्हा जाऊन आला. आता महिनाभर तरी पालथं पडून राहणं आलं.

नर्सबाई काही दुष्ट नव्हत्या. निघताना दारात त्या ताईला म्हणाल्या, "कोरडं बसता येत असेल तर खुशाल जाऊ द्या त्यांना. नसेल, तर तळ्याचं नाव काढायचं नाही."

ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं आणि दुकानांवरचे ताडपत्रीचे आडोसे शिवायची. पाणी बाहेर ठेवणं हा तर तिच्या पोटापाण्याचाच धंदा. त्यात काय मोठंसं, असं म्हणत ती तळ्यावर गेली.

पण ते मोठंसंच निघालं. खळग्याच्या तळाला आरपार भोकं होती. त्यांतून पाणी वर येतं म्हणून तिनं सगळ्यांत रबरी बुचं ठोकली, माणसाऐवजी वाळूचं पोतं ठेवलं आणि काकांना कयाक दोरीनं ओढत फिरवायला लावली. परत आली ती भरलेल्या टपासारखी. काका हसले नाहीत. भोकं पाणी आणतात तशी नेतातही, सगळीच बुजवल्यावर वरून आलेल्यानं जायचं कुठून, एवढंच ते म्हणाले.

पाणी कुठेतरी मुरत होतं, पण नेमकं कुठून येत होतं ते पोतं सांगेना. भावाला विचारावं तर त्याला ओलं आणि कोरडं सारखंच. तिथे बसून सांगायला कुणाची तरी जिवंत कातडी हवी होती.

ताई पाण्याला घाबरायची. अर्धं गाव शिकवणाऱ्या माशानं सख्ख्या बहिणीपुढे मात्र हात टेकले होते. तरी जखम भरल्यावर एका सकाळी ती त्याला घेऊन धक्क्यावर आली. ओल पटकन दिसावी म्हणून तिनं फिकट खाकी पँट घातली होती. फुगीर जाकीट चढवून ती कयाकवर बसली, वल्हं मांडीवर आडवं घेऊन दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटले. दोरी काकांच्या हातात होती.

"मिटलेलेच राहू देत," मासा खुर्चीतून म्हणाला. "कुठून येतंय ते सांग."

"मांडीखालून. गार."

"आणि? आता वल्हं मारून बघ."

"वल्हं उचललं की त्याच्यावरून ओघळतंय. आणि पुढून, लाट आली की."

मग रोज तेच. तिनं बैठकीखालची भोकं बंद केली आणि पायांकडची उघडी ठेवली. जाड फोमवर ताडपत्री शिवून बैठक उंच केली. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी वाटेतच गळून पडावं म्हणून जुन्या ट्यूबच्या चकत्या दांड्यावर चढवल्या. लाटेसाठी गुडघ्यांवरून घ्यायचं एक झाकण शिवलं. काकांनी ते ओढून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. होडी उलटली तर हा त्यात अडकेल, म्हणाले. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सगळी शिवण उसवली, कडेला वेल्क्रोची पट्टी लावली आणि एका हिसक्यात सुटावं म्हणून पुढे ओढायला हात जाईल एवढा बंद शिवला.

"आधी मला बुडवा," मासा म्हणाला. "सुटलो तर खरं."

काकांनी छातीभर पाण्यात उभं राहून त्याच्यासकट कयाक उलटी केली. ताई धक्क्यावर ओणवी झाली. पाणी शांत झालं, नको तितकं शांत. मग झाकण तरंगत वर आलं आणि त्याच्यामागून तो, ठसकत आणि हसत. त्यानं आणखी दोनदा तेच करायला लावलं. तिसऱ्या वेळी ताईलाही हसू फुटलं.

नर्सबाईंनी होकार दिला त्या दिवशी तळ्यावर वारा होता. मासा गेला आणि बऱ्याच वेळानं परतला. ताई चपलांसकट पाण्यात उतरली. वल्हं आडवं ठेवून तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, कारण दुसरीकडे कुठे पाहून त्याला काही कळणार नव्हतं. तिनं त्याच्या मांडीखाली हात सरकवला. तिथे ऊब होती.

"कोरडा आहेस," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. मग वल्ह्यानं पाणी मागे ढकललं आणि पोहण्याच्या शाळेच्या कठड्याकडे वळला. तिथे शिकाऊ माणसं दोरीला लटकून धापा टाकत होती. त्यातल्या एका टकल्या गृहस्थाजवळ तो थांबला. वाऱ्याबरोबर त्याचा आवाज ताईपर्यंत आला, शाळेतला, खणखणीत.

"हनुवटी वर घ्या. अजून थोडी. पायांचं नंतर बघू."

गृहस्थानं हनुवटी वर घेतली, आणि दोरी सोडली.