घुंगटातलं मत

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. केदारखेड्याजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचं इलेक्शन होतं आन माझे मालक उभे होते. माझा तर सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हता.

रांगेत माझ्यापुढं चंदाबाई. किराणावाल्या कचरूलालची बायको, राजस्थानची. गावात येऊन बारा वर्षं झाली, पर यादीत नाव पहिल्यांदाच आल्तं. घुंगट छातीपर्यंत, कारण शेजारी गड्यांच्या रांगेत तिचा थोरला दीर नवलकिशोर उभा.

तर माझा दीर भुजंग, बूथवर बसलेला आमचा एजंट, ओरडला, "साहेब, ही चंदाबाईच कशावरून? हिच्या जागी अंबडची नणंद आणली असंल! तोंड दाखवा म्हणावं."

कचरूलाल समोरच्या पार्टीचा, मंग भुजंग कशाला सोडतो!

मतदान घेणारे साहेब म्हणाले, "हिला ओळखणारं कोणी आहे का?" गडीमाणसं एकमेकांकडं बघायला लागली. बारा वर्षांत एकानंबी तिचं तोंड पाह्यलं न्हवतं! चंदाबाई माझ्या कानात म्हणाली, "जाऊ दे बाई, मी घरी जाते." आन वळलीच.

माझं डोकंच फिरलं. अहो, दर उन्हाळ्यात हिच्या घरी आम्ही बाया पापड लाटतो, तवा घुंगट मागं टाकून ही खदाखदा हसती! मी तिचं मनगट धरलं. "थांब गं. साहेब, मी ओळखते!"

रांगेत मागं उभ्या नंदाबाईची चादर घेऊन तिनं आन मी आडपडदा धरला. चंदाबाईनं घुंगट वर केला. घामानं चिंब, डोळ्यांत पाणी.

"हीच! बिलकुल हीच!"

"तुम्ही कोण?"

"द्वारकाबाई. उमेदवाराची बायको."

सगळी रांग हसली. भुजंगानं कपाळावर हात मारला. ओळख पटल्याच्या कागदावर मी अंगठा दिला. साहेबानं चंदाबाईच्या हातात शिक्का देऊन बजावलं, "मत कुणाला दिलं ते नवऱ्यालाबी सांगायचं न्हाई." ती आत गेली. असा आनंद झाला मला, जसं इलेक्शन मीच जिंकले!

मालक एका मतानं पडले. एका!

तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाले, "तुझं मत तरी मला दिल्तंस ना?"

दिल्तं की, त्यांनाच दिल्तं.

"ते इचारायचं नसतं," मी म्हटलं आन ताटात भाकर वाढली.